पोरासाठी सिडकोतलं घर सोडावं का?

दुपारपाळी

नमस्कार. लग्न होऊन नाशकातल्या सिडकोत आले त्याला सतरा वर्षं झाली. कुठली योजना, कुठला चौक ते मुद्दाम लिहीत नाही, पोराची शाळा तिथंच आहे.

मी अंबडला एका कंपनीत असेंब्लीवर आहे. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड, म्हणजे दुपारी दोन ते रात्री दहा. मिस्टरांचा टेम्पो आहे. संध्याकाळी सहाला भाजी भरायला गाडी लावतात आणि रात्रीतून कसारा उतरून वाशीला जातात. माझ्या सेकंडच्या आठवड्यात सहा ते दहा पोरगा एकटा. चौदा वर्षांचा आहे, नववीत. शांत आहे, पण कुणी हाक मारली की त्याला नाही म्हणता येत नाही.

आमच्या घरांच्या लाइनच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. कागदावर तिथं बाग आहे. प्रत्यक्षात कंबरेएवढं गाजरगवत, लोकांनी घरं वाढवताना टाकलेला राडारोडा आणि एका अंगाला नाल्याची भिंत. भिंतीजवळचा दिवा दोन पावसाळे बंद. प्लॉटकडे एकाही घराचं तोंड नाही, सगळ्यांच्या मोऱ्या आणि संडासाच्या खिडक्या तिकडं. अंधार पडला की तिथं पोरं बसतात. आधी नुसती सिगारेट होती. मग सकाळी पंक्चरच्या सोल्युशनच्या चेपलेल्या ट्यूब आणि रुमाल दिसायला लागले. गेल्या वर्षभरात एमडी, म्हणजे मेफेड्रोन, नशेची पावडर.

शेजारच्या गल्लीतला एक मुलगा, ज्याला मी कडेवर खेळवलंय, आयटीआय करत होता. मित्राच्या वाढदिवसाला पहिली पुडी फुकट मिळाली. मग दोन-दोन रात्री झोप नाही, जेवण नाही, गालफडं बसली. आधी घरातली पाण्याची मोटार विकली, मग आईच्या कानातलं गेलं. मार्चमध्ये चौकात मारामारी झाली तेव्हा याच्या हातात कोयता होता. आता आत आहे. त्याची आई कंपनीत माझ्याच असेंब्ली लाइनवर काम करते. जेवणाच्या सुटीत डबा उघडते आणि तसाच लावून टाकते.

२०२३च्या ऑक्टोबरात शिंदे गावाकडं मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना धरला, सुमारे ३०० कोटींचा माल. तेव्हा पेपर वाचून मी म्हटलं होतं, हे मोठ्या लोकांचं जग आहे. आता ते माझ्या मोरीच्या मागं येऊन बसलंय.

दिरांनी मखमलाबादला वन बीएचके बघून दिलाय. सोसायटी, गेट, वॉचमन. पण हे घर विकूनसुद्धा महिन्याला अकरा हजारांचा हप्ता बसतो. तो भरायचा तर मला ओव्हरटाइम घ्यावा लागेल, आणि तिथून अंबडला यायला-जायला तास-दीड तास जास्तीचा. म्हणजे पोरासाठी घर बदलायचं आणि पोराजवळ आणखी कमी राहायचं. जागेमुळे पोरं खरंच बिघडतात का? आणि जागा बदलली की वाचतात का? ज्यांनी हे बघितलंय किंवा अभ्यासलंय त्यांनी सांगावं. दिवाळीच्या आत टोकन द्यायचंय.

गावठाणातला

ताई, राग मानू नका. मी जुन्या नाशकात वाड्यात वाढलो. मटका, दारू, सगळं हाकेच्या अंतरावर होतं. आम्ही पाच भावंडं, एकही वाया गेलं नाही, कारण वडिलांचा धाक होता. तुमच्या त्याच गल्लीत चांगली निघालेली पोरंही असतीलच ना? दोष जागेला दिला की आपण आईबाप मोकळे होतो. घर विकू नका, पोराकडं लक्ष द्या.

दुपारपाळी

दादा, राग नाही. पण एक सांगा, तुमच्या वाड्यात संध्याकाळी सहा वाजता कोण कोण असायचं? धाक ठेवायला माणूस घरात लागतो. आम्ही दोघं बाहेर असतो ते हौसेनं नाही.

गावठाणातला

दिंडी दरवाजाशी आजोबा बसायचे. चौकात काकू निवडण-टिपण करायच्या. माडीवरून भाडेकरूंची आजी बघत असायची. वडील तर आठनंतर यायचे. तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. माझं वरचं बोलणं अर्धवट होतं.

नकाशावाला

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. जागेचा परिणाम होतो का, याचं उत्तर 'होतो' असंच आहे. पण त्यावरून 'घर सोडा' असं आपोआप ठरत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोघांनी बालन्यायालयात आणलेल्या मुलांचे पत्ते शहराच्या नकाशावर मांडले. कित्येक वर्षांच्या नोंदी होत्या. १९४२ साली त्यांनी ते छापलं. कारखान्यांना खेटून असलेल्या मधल्या वस्त्यांत ठिपके दाट होते. आधी तिथं जर्मन आणि आयरिश राहत, ते गेले, इटालियन आणि पोलिश आले. माणसं बदलली, भाषा बदलल्या, ठिपके त्याच वस्त्यांत राहिले. आणि जी कुटुंबं तिथून बाहेर पडली त्यांच्या मुलांचं प्रमाण खाली आलं. म्हणजे 'ते लोकच तसे' हे म्हणणं तेव्हाच खोटं ठरलं होतं. आपल्याकडं अजून सिडको म्हटलं, झोपडपट्टी म्हटलं की लोक पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण करतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आता एमडी. अफूला शेत लागतं, हवामान लागतं, म्हणून तिची परवान्याची शेती मंदसौर-नीमचसारख्या ठराविक पट्ट्यात दिसते. एमडीला शेत लागत नाही. रसायनं, बंद शेड आणि हमरस्ता एवढं पुरतं. औद्योगिक वसाहती, मुंबई-आग्रा महामार्ग, एका हाताला मुंबई, एका हाताला पुणे, वर गुजरात. ज्या भूगोलामुळे नाशकात कारखाने आले आणि तुम्हाला-मला पगार मिळाला, तोच भूगोल या धंद्यालाही सोयीचा आहे. त्यावर तुम्ही घरी बसून काही करू शकत नाही, ते पोलिसांचं काम आहे.

पण तुमच्या हातात येण्याएवढी लहान गोष्टही याच विषयात आहे. अमेरिकेतल्या मिनीआपोलिस शहरात पोलिसांना आलेले फोन पत्त्यांवर मांडून पाहिले, १९८९ साली ते छापून आलं, तर साधारण तीन टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आलेले होते. 'वाईट' म्हटल्या जाणाऱ्या वस्तीतसुद्धा बहुतेक घरं, बहुतेक कोपरे शांत होते. बिघडलेली असते ती एखादी भिंत, एखादा कोपरा, आणि तोही ठराविक वेळेला. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात असं कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलं: करणारा, ज्याच्यावर करायचा तो, आणि बघणाऱ्याची गैरहजेरी. तुम्ही लिहिलेला प्लॉट परत वाचा. घरांच्या पाठी, दिवा बंद, गवत उंच आणि सहा ते दहा. तिसरी गोष्ट तिथं पूर्ण भरलेली आहे.

मग घर बदलण्याचं काय? यावर अमेरिकेत मोठा प्रयोग झालाय. १९९४ ते १९९८ या काळात बॉस्टन, शिकागो, न्यूयॉर्क, बाल्टिमोर आणि लॉस एंजेलिस इथल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांमधून सोडत काढली आणि काहींना चांगल्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायला मदत दिली. तेराव्या वर्षाच्या आत हलवलेली मुलं विशी ओलांडल्यावर इतरांपेक्षा सुमारे ३१ टक्के जास्त कमवत होती. पण तेराच्या पुढची जी हलली त्यांना तो फायदा दिसला नाही, आणि वयात आलेल्या मुलग्यांच्या वागण्यात उलट जास्त अडचणी दिसल्या. ओळखीचे सुटतात, नव्या जागेत आपलं कुणी नसतं. तुमचा मुलगा चौदाचा आहे. अमेरिकेतला आकडा सिडकोला जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही, पण टोकन देण्याआधी हे माहीत असावं.

आणि फिलाडेल्फिया. तिथं ५४१ ओसाड प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. काहींवर फक्त कचरा काढला, माती सपाट केली, गवत पेरलं, थोडी झाडं लावली आणि बुटकं लाकडी कुंपण घातलं, ज्यातून सहज आत जाता येईल. कॅमेरे नाहीत, पोलीस नाहीत. २०१८ मध्ये निकाल आला. गरीब वस्त्यांत अशा प्लॉटांच्या आसपास गोळीबार २९ टक्के घटला.

मला विचाराल तर या दिवाळीला टोकन देऊ नका. आधी त्या प्लॉटला एक वर्ष द्या.

सातपूर_फिटर

सरांचं वाचलं. मी दुसऱ्या बाजूनं सांगतो. वय ३१, एमडी सोडून दोन वर्षं सात महिने झाले.

माझी सुरुवात कट्ट्यावर नाही झाली. सलग नाइट लागल्या होत्या, एकानं सांगितलं याच्यानं झोप येत नाही, काम उरकतं. पहिले दोन महिने वाटलं आपण मशीन झालो. मग ती पुडी मिळायची जागा ठरली, एका टपरीच्या मागची भिंत. पगाराच्या दिवशी पाय आपोआप तिकडं वळायचे. घरच्यांनी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, तीन महिने. आत मी अगदी बरा होतो. खायचो, झोपायचो, भजनाला टाळ वाजवायचो. घरी आलो आणि चौथ्या दिवशी परत घेतली. कुणी बोलावलं नव्हतं. नुसता त्या भिंतीवरून गेलो आणि तोंडाला कोरड पडली, हात थरथरले.

दुसऱ्यांदा आत गेलो तेव्हा तिथले समुपदेशक एक गोष्ट सांगायचे. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेच्या शिपायांत हेरॉइनचं व्यसन फार पसरलं होतं, पाचातला साधारण एक त्यात अडकला होता. सरकारला धास्ती होती की हे सगळे घरी येऊन रस्त्यावर पडतील. १९७१ नंतर ली रॉबिन्स नावाच्या बाईंनी परतलेल्यांचा माग काढला, तर घरी आल्यावर फारच थोडे पुन्हा अडकले होते. जंगल, बंदुका, भीती, पुडी देणारा, सगळं मागं राहिलं होतं. आमचं उलट असतं. आम्हाला केंद्रात बरं करतात आणि परत त्याच भिंतीपाशी आणून सोडतात.

म्हणून मी बाहेर पडल्यावर घरी गेलोच नाही. मामानं दिंडोरीकडं द्राक्षाच्या पॅकहाउसला लावलं. जानेवारी ते एप्रिल तिथंच राहिलो, शेडमध्येच झोपायचो. आलो तेव्हा सिम बदललं, कामावर जायचा रस्ता बदलला. आता सव्वा किलोमीटर जास्त सायकल मारतो, पण ती भिंत दिसत नाही. घर तेच आहे, आई तीच, गल्ली तीच.

ताई, तुमचा पोरगा अजून त्यात नाही, हे फार मोठं आहे. त्याला व्याख्यान देऊ नका. एवढंच विचारा की क्लासला जाताना-येताना कुठून जाताना तुला नको वाटतं. तो बरोबर जागा दाखवेल, पोरांना सगळं माहीत असतं. तो रस्ता सोडवा. आणि रात्र रात्र जागणं, दात आवळणं, भूक मरणं, पैशाचा हिशोब न लागणं, यातलं दोन-तीन एकदम दिसलं तर मारहाण न करता १४४४६ ला फोन करा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. माझ्या वडलांनी मारलं होतं. मी मार खाऊन सरळ भिंतीपाशी गेलो.

त्या आत असलेल्या मुलाच्या आईला सांगा, तो सुटून येईल तेव्हा त्याला थेट त्याच गल्लीत आणू नका. चार महिने कुठं तरी काम बघून ठेवा. दिंडोरी-पिंपळगावकडं हवं असेल तर मी विचारतो.

वाघाडीकाठ

पंचवटीत राहते. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त. सरांचं प्लॉटचं पटलं, पण नुसतं गवत कापून भागणार नाही. आमच्या इथं अशीच एक जागा साफ केली, पंधरा दिवस छान, मग पोरं पुलाखाली सरकली. जागा मोकळी ठेवली की ती परत कुणाची तरी होते. तिथं रोज काहीतरी चालू हवं.

आम्ही नंतर समाजमंदिरात अभ्यासिका सुरू केली. संध्याकाळी साडेसहा ते नऊ, दोन ट्यूबलाइट, एक सतरंजी, पाण्याचा माठ. आठवड्याच्या सात संध्याकाळी सात घरातल्या बाया वाटून घेतल्या. शिकवायचं नाही, फक्त बसायचं. बायका मेथी निवडत बसायच्या, पोरं अभ्यास करायची. पहिल्या महिन्यात सहा पोरं होती. परीक्षेच्या वेळी बाहेर चपला मावत नव्हत्या. तुमच्यासारख्या सेकंडला जाणाऱ्या बाया लाइनमध्ये किती आहेत ते मोजा. एका आठवड्याला अर्ध्या कामावर, अर्ध्या घरी असतील. त्यांचं वेळापत्रक जुळवलं तर सहा ते दहा कुणी ना कुणी असतंच.

दोन गोष्टी बजावून सांगते. विकणाऱ्याशी स्वतः भांडायला जाऊ नका, पोरांना तर मुळीच पाठवू नका. त्याची माहिती १९३३ वर द्या, अमली पदार्थांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अंगावर आलंच तर ११२. आणि शाळेजवळ टपरी असेल तर अंतर मोजा, शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्यानं बंदी आहे. मी हे मुख्याध्यापकांच्या सहीनं लेखी दिलं होतं, टपरी हलली.

अजून एक. तिथं बसणारी पोरं आपल्याच वर्गातून गेलेली असतात. माझा एक विद्यार्थी, चित्रं सुंदर काढायचा, त्या पुलाखाली मला बघून तोंड लपवत होता. मी थांबून नाव घेऊन हाक मारली नाही, घाईत होते. ते मला अजून टोचतं. आणि घेणारे फक्त वस्तीतले नसतात. चांगल्या सोसायट्यांतून गाड्या येतात, काच खाली होते, वर होते, निघून जातात. मखमलाबादच्या गेटचा वॉचमन आत येणाऱ्याला अडवेल, बाहेर जाणाऱ्या पोराला नाही.

नकाशावाला

बाईंनी पुलाखाली सरकण्याचं लिहिलंय ते खरं आहे, सगळेच विचारतात. अमेरिकेत जर्सी सिटीत हे मुद्दाम तपासलं होतं, २००६ मध्ये छापून आलं. अमली पदार्थांच्या एका ठिकाणी पोलिसांनी जोर लावला, तर लगतच्या गल्ल्यांत गुन्हे वाढले नाहीत, थोडे कमीच झाले. काही जण सरकतात, सगळे नाही. ज्याला मुद्दाम शोधत जावं लागतं त्याचं बऱ्याचदा राहून जातं. तुमच्या मुलासारख्यांच्या बाबतीत तेवढंच हवंय. बाईंची अभ्यासिका मात्र मी लिहिलेल्या सगळ्यापेक्षा कामाची आहे.

दुपारपाळी

बारा दिवसांनी लिहितेय, मध्ये सेकंड होती.

पोराला विचारलं. रागावेल वाटलं होतं, तर वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढून दिला. क्लास ते घर त्यानं पावलं मोजली, ४१०. त्यातल्या भिंतीपासच्या ६० पावलांवर पेनानं रेघ मारली आणि म्हणाला, इथं मी फोनवर बोलल्यासारखं करतो म्हणजे कुणी हाक मारत नाही. एवढे दिवस हे पोर रोज खोटा फोन कानाला लावून जात होतं आणि मला माहीत नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

लाइनमध्ये सेकंडला जाणाऱ्या आम्ही अकराजणी निघालो. सुपरवायझरला भेटून सहाजणी एका आठवड्याला, पाचजणी दुसऱ्या, असं करून घेतलं. अभ्यासिकेला जागा अजून नाही, तोवर कोपऱ्यावरच्या आजींच्या ओट्यावर बसतोय. आठ पोरं येतात. दिव्याचा अर्ज दिलाय, ४३ सह्या. जिथं दिला तिथून अजून उत्तर नाही, सोमवारी परत जाणार आहे.

रविवारी सकाळी सातला गवत काढायला घेतलं. यांनी टेम्पो लावला, राडारोड्याच्या चार खेपा झाल्या. गावठाणातले दादा आले, बरोबर दोन विळे आणि एक कुदळ घेऊन. त्या मुलाची आई न बोलावता आली आणि एकपर्यंत वाकून गवत उपटत होती. फिटर दादा, तुमचा निरोप तिला दिला. तिनं पॅकहाउसचं परत दोनदा विचारलं, तेवढं बघून ठेवा. सीझन सुरू होण्याच्या आत त्याचा जामीन व्हावा म्हणून ती धडपडतेय.

दिरांना कळवलंय की दिवाळीला टोकन देत नाही. त्यांना ते आवडलेलं नाही. पोरगा विचारतोय की दिवा लागला तर तिथं बॅडमिंटनची जाळी बांधता येईल का, खांब किती उंच लागतो. तुमच्यापैकी कुणी बांधली असेल तर सांगा.